इंग्रजी व्याकरणाचा पाया: शब्दांच्या जाती आणि वाक्याचे घटक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विद्यार्थी, पालक आणि स्पर्धा परीक्षांचे उमेदवार जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला पायाचे प्रश्न आहेत, पुढे अपवाद आणि पेच येतात. इंग्रजी उदाहरणे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. ती आधी मोठ्याने वाचा आणि मग वहीत इंग्रजी स्पेलिंगमध्ये उतरवा. जे वाक्य चुकीचे आहे, तिथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

१. शब्दांच्या जाती नेमक्या किती? शाळेत आठ शिकवल्या, दुसऱ्या पुस्तकात नऊ दिसतात.

शाळेतली रूढ गणती आठचीच आहे. नाम म्हणजे नाउन, सर्वनाम म्हणजे प्रोनाउन, विशेषण म्हणजे ॲडजेक्टिव्ह, क्रियापद म्हणजे व्हर्ब, क्रियाविशेषण म्हणजे ॲडव्हर्ब, शब्दयोगी अव्यय म्हणजे प्रिपोझिशन, उभयान्वयी अव्यय म्हणजे कंजंक्शन आणि केवलप्रयोगी अव्यय म्हणजे इंटरजेक्शन. मराठीतल्या आठ जातींशी ही यादी जुळते, कारण मराठी व्याकरणाची आधुनिक मांडणी १९व्या शतकात इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे हा आराखडा शाळांमध्ये रुळला.

नऊ जाती सांगणारी पुस्तके "अ, ॲन, द" यांना विशेषणांतून काढून वेगळे ठेवतात. आजचे व्याकरणकार त्यांच्यासोबत "धिस, माय, सम, एव्हरी" हे शब्दही घेतात आणि या गटाला डिटर्मिनर म्हणतात. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकाची गणती लिहावी. वाक्य लिहिताना मात्र डिटर्मिनरचा वेगळा गट लक्षात ठेवणे सोयीचे जाते, कारण नामाआधी असा शब्द साधारणपणे एकच बसतो. "द माय बुक" चूक आहे, ते याच कारणाने.

२. एकच शब्द कधी नाम, कधी क्रियापद असतो. मग त्याची जात ओळखायची कशी?

जात शब्दावर कायमची कोरलेली नसते. त्या वाक्यात तो कोणते काम करतो, त्यावर ती ठरते. "ड्रिंक द वॉटर" यात "वॉटर" नाम आहे, "वॉटर द प्लांट्स" यात क्रियापद. "राउंड" हा शब्द तर पाच जातींत फिरतो. "अ राउंड टेबल" मध्ये तो विशेषण आहे, "द सेकंड राउंड" मध्ये नाम, "वॉक राउंड द लेक" मध्ये प्रिपोझिशन, "टर्न राउंड" मध्ये क्रियाविशेषण आणि "वी राउंडेड द कॉर्नर" मध्ये क्रियापद.

इंग्रजी व्याकरणाची किल्ली इथेच आहे. मराठीत शब्दाचे काम प्रत्यय सांगतो. "कुत्रा माणसाला चावला" म्हणा किंवा "माणसाला कुत्रा चावला" म्हणा, चावणारा कुत्राच राहतो, कारण "ला" माणसाला चिकटलेला आहे. इंग्रजी नामाला असा प्रत्यय नाही. "द डॉग बिट द मॅन" मधल्या दोन नामांची अदलाबदल केली की माणूस कुत्र्याला चावतो. मराठीत जे काम प्रत्यय करतो, ते इंग्रजीत शब्दाची जागा करते. म्हणून शब्दाकडे सुटे पाहू नका, त्याचे शेजारी पाहा. आधी "द" किंवा "माय" असेल आणि पुढे दुसरे नाम नसेल, तर तो बहुधा नाम असतो. आधी कर्ता असेल आणि त्या शब्दाचे रूप काळानुसार बदलत असेल, तर क्रियापद. "द" आणि नाम यांच्यामध्ये सापडला, तर बहुधा विशेषण.

३. शब्दांच्या जाती आणि वाक्याचे घटक यांत फरक काय?

जात ही एका शब्दाची असते. घटक म्हणजे वाक्यातली जागा, आणि त्या जागी एक शब्द, शब्दसमूह किंवा अख्खे उपवाक्य बसू शकते. घटक पाच आहेत: सब्जेक्ट म्हणजे कर्ता, व्हर्ब म्हणजे क्रियापद, ऑब्जेक्ट म्हणजे कर्म, कॉम्प्लिमेंट म्हणजे पूरक, आणि ॲडव्हर्बियल म्हणजे वेळ, ठिकाण, रीत किंवा कारण सांगणारा भाग.

"माय यंगर ब्रदर बॉट अ सायकल यस्टरडे" हे वाक्य घ्या. "माय यंगर ब्रदर" हे तीन शब्द मिळून एक कर्ता होतो. त्यात डिटर्मिनर, विशेषण आणि नाम अशा तीन जाती आहेत. "बॉट" क्रियापद, "अ सायकल" कर्म, "यस्टरडे" ॲडव्हर्बियल. गोंधळ होतो तो क्रियापदाच्या नावामुळे, कारण व्हर्ब हे जातीचेही नाव आहे आणि घटकाचेही. बाकी चार नावे फक्त घटकांची आहेत. "'ब्रदर' ची जात कोणती?" या प्रश्नाला "सब्जेक्ट" हे उत्तर चालणार नाही.

४. इंग्रजी वाक्य किती प्रकारे रचता येते?

मूळ साचे सात आहेत. कोणता साचा लागणार, हे क्रियापद ठरवते.

"बेबीज क्राय": कर्ता आणि क्रियापद, एवढ्यावर वाक्य पूर्ण होते. "द मँगो इज राइप" यात पूरक लागते. "द ट्रेन इज ॲट कल्याण" यात ठिकाण लागते. "मीरा मेक्स पोहे" यात कर्म आहे. "मीरा गेव्ह मी टी" यात दोन कर्मे आहेत, ज्याला दिले ते आधी आणि जे दिले ते नंतर. "दे इलेक्टेड हर सरपंच" यात कर्म आणि कर्माचे पूरक आहे. "ही पुट द टिफिन ऑन द टेबल" यात कर्म आणि ठिकाण आहे.

शेवटच्या साच्यात बऱ्याच जणांची चूक होते. "पुट" ला ठिकाण लागतेच. "ही पुट द टिफिन" एवढेच लिहिले तर वाक्य अर्धवट राहते. मराठीत "त्याने डबा ठेवला" पूर्ण वाटते, म्हणून ही उणीव कानाला खटकत नाही. नवीन क्रियापद शिकताना अर्थाबरोबर त्याचा साचाही लिहून ठेवा. या सात वाक्यांत "इन द मॉर्निंग" किंवा "व्हेरी क्विकली" असे भाग हवे तितके जोडता येतात, त्याने साचा बदलत नाही.

५. "ही बिकेम अ डॉक्टर" यात "अ डॉक्टर" कर्म का नाही?

कारण "ही" आणि "डॉक्टर" ही एकच व्यक्ती आहे. कर्त्याबद्दलच माहिती देणारा भाग पूरक असतो. "ही कॉल्ड अ डॉक्टर" मध्ये बोलावणारा वेगळा आणि डॉक्टर वेगळा, म्हणून तिथे कर्म.

पडताळा कर्मणी प्रयोगाने घ्या. "अ डॉक्टर वॉज कॉल्ड" होते. "बिकेम" चे असे रूप करताच येत नाही. काही क्रियापदांच्या बाबतीत हा पडताळा फसतो: "शी हॅज टू सन्स" मध्ये "टू सन्स" कर्म असूनही कर्मणी होत नाही, आणि तीच गोष्ट "रिझेम्बल" ची.

कर्म आणि कर्माचे पूरक वेगळे काढायचे असतील तरीही हाच विचार करा. "दे इलेक्टेड हर सरपंच": ती म्हणजेच सरपंच, म्हणून पूरक. "दे गेव्ह हर अ कार": ती म्हणजे गाडी नव्हे, म्हणून दुसरे कर्म.

६. "अ" कधी आणि "ॲन" कधी? स्वर-व्यंजनांचा नियम पाठ आहे तरी चुकते.

नियम स्पेलिंगचा नसून उच्चाराचा आहे, आणि इथे देवनागरी मदतीला येते. पुढचा शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. पहिले अक्षर स्वर असेल तर "ॲन", व्यंजन असेल तर "अ". "य" आणि "व" ही व्यंजनेच आहेत. म्हणून "ॲन अवर", "ॲन ऑनेस्ट मॅन", पण "अ युनिव्हर्सिटी", "अ युरोपियन", "अ वन-डे मॅच". आद्याक्षरांनाही हेच लागू होते: "ॲन एसटी बस", "ॲन एमपीएससी एक्झाम", "ॲन एफआयआर", पण "अ यूपीएससी एक्झाम".

दोन ठिकाणी सांभाळा. काही भागांत "एम" चा उच्चार "यम" आणि "एस" चा "यस" होतो, त्या उच्चारावर विसंबलात तर "अ" येईल आणि चुकेल. दुसरे, वर्षासाठीचा शब्द आपण "इयर" असा लिहितो, पण इंग्रजीत तो "य" ने सुरू होतो. वर्षाला "अ", कानाला "ॲन".

७. "द" कुठे लावायचा नाही?

पहिल्यांदा उल्लेख होणाऱ्या, अजून न ओळखलेल्या वस्तूला नाही. सरसकट बोलताना अनेकवचनाला नाही: "मँगोज आर स्वीट" म्हणजे आंबे गोड असतात, "द मँगोज आर स्वीट" म्हणजे हे समोरचे आंबे गोड आहेत. एकट्या शिखराला नाही, पण डोंगररांगेला, नदीला आणि समुद्राला आहे: "कळसूबाई", पण "द वेस्टर्न घाट्स", "द गोदावरी", "द अरेबियन सी". माणसाच्या, गावाच्या, बहुतेक देशांच्या नावाला नाही. शाळेत शिकायला जाणारे मूल "गोज टू स्कूल", पण पालकसभेला जाणारी आई "गोज टू द स्कूल".

८. "पाऊस पडतोय" याच्या इंग्रजी वाक्यात "इट" कुठून आला?

इंग्रजी वाक्याची कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. मराठीत "जातो", "येतेस का?", "गेले" असे म्हटले तरी कर्ता क्रियापदातून कळतो. इंग्रजी क्रियापदात तेवढी माहिती नसते. म्हणून हवामान, वेळ, अंतर यांसाठी नुसता जागा भरणारा "इट" येतो: "इट इज रेनिंग", "इट इज टेन ओ'क्लॉक", "इट इज फार". काहीतरी आहे एवढेच सांगायचे असेल तर "देअर": "देअर इज अ वेल बिहाइंड द हाउस". "बिहाइंड द हाउस इज वेल" ही मराठी क्रमातून आलेली चूक आहे.

आज्ञार्थात मात्र कर्ता गाळतात: "कम हिअर".

९. "मला" ने सुरू होणारी वाक्ये इंग्रजीत नेताना गडबड का होते?

"मला दोन बहिणी आहेत", "मला ताप आहे", "मला राग आला", "मला आंबा आवडतो". मराठीत अनुभव घेणाऱ्याला "ला" लागतो. इंग्रजी त्याच माणसाला सरळ कर्ता करते: "आय हॅव टू सिस्टर्स", "आय हॅव अ फीव्हर", "आय गॉट अँग्री", "आय लाइक मँगोज". तेव्हा भाषांतर करण्याआधी "अनुभव कोणाचा?" एवढे विचारा आणि तो माणूस पहिल्या जागी बसवा. इंग्रजीतला "मी" हा शब्द कर्त्याच्या जागी येत नाही. तो कर्माच्या किंवा प्रिपोझिशनच्या मागच्या जागेचा आहे: "ही सॉ मी", "बिट्वीन यू अँड मी". "बिट्वीन यू अँड आय" चूक.

"माहीत असणे, वाटणे, आवडणे, हवे असणे" या अर्थांची क्रियापदे सहसा चालू काळात घेत नाहीत. "आय ॲम नोइंग हिम" चूक, "आय नो हिम" बरोबर.

१०. "ही टोल्ड टू मी" चूक आणि "ही सेड टू मी" बरोबर, असे का?

मराठीचा "ला" दोन्हीकडे लागतो, म्हणून दोन्हीकडे "टू" येतो. इंग्रजीत हे क्रियापदाच्या साच्यावर आहे. "टेल, आस्क, इन्फॉर्म, कॉल, हेल्प" यांच्यामागे माणूस थेट येतो. "से, एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, इंट्रोड्यूस" यांना माणसाआधी "टू" लागतो. म्हणून "एक्सप्लेन मी द सम" चूक, "एक्सप्लेन द सम टू मी" बरोबर. "गिव्ह, सेंड, शो" या क्रियापदांना दोन्ही रचना चालतात: "शो मी द फोटो" किंवा "शो द फोटो टू मी". दोन्ही कर्मे सर्वनामे असतील तर "टू" ची रचना घ्या: "गिव्ह इट टू मी".

११. क्रियापद कोणाप्रमाणे बदलते, कर्त्याप्रमाणे की कर्माप्रमाणे?

इंग्रजीत नेहमी कर्त्याप्रमाणे. मराठीत "मुलीने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले" असे भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जाते. इंग्रजीत तिन्हीकडे "एट" च.

बदल दिसतो त्या जागा मोजक्या आहेत. साध्या वर्तमानकाळात कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तर क्रियापदाला "एस" किंवा "ईएस" लागतो. "हॅव" चे "हॅज", "डू" चे "डझ" होते. "बी" चे "ॲम, इज, आर, वॉज, वेअर" होतात. बाकी भूतकाळात काहीच बदलत नाही. "कॅन, मे, मस्ट, विल" यांना "एस" कधीच लागत नाही, त्यांच्यामागच्या क्रियापदालाही नाही: "शी कॅन स्विम". "यू" एका माणसासाठी असला तरी "यू आर" च.

१२. कर्ता एकवचनी की अनेकवचनी, तेच कळत नाही तेव्हा?

आधी मुख्य नाम शोधा आणि "ऑफ" पासून पुढचा भाग बोटाने झाका. "द प्राइस ऑफ द मँगोज इज हाय": क्रियापदाच्या शेजारी "मँगोज" आहे, पण कर्ता "प्राइस" आहे. "वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन नागपूर" हेही तसेच.

झाकून भागत नाही अशा जागा पुढे आहेत. "अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲबसेंट" अनेकवचनी, कारण अर्थ "बरेच" असा आहे. "द नंबर ऑफ स्टुडंट्स इज फॉर्टी" एकवचनी, कारण इथे आकड्याबद्दल बोलणे आहे. "न्यूज" आणि "मॅथमॅटिक्स" च्या शेवटी "एस" असूनही एकवचनी, "पोलीस" ला "एस" नसूनही अनेकवचनी. एकत्रित रक्कम किंवा अंतर एकवचनी: "टेन थाउजंड रुपीज इज इनफ". "एव्हरी बॉय अँड एव्हरी गर्ल" एकवचनी. "नायदर... नॉर" मध्ये क्रियापदाच्या जवळचा कर्ता पाहतात: "नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर देअर". "ॲज वेल ॲज" मध्ये उलट, पहिला कर्ता पाहतात: "द टीचर, ॲज वेल ॲज द स्टुडंट्स, वॉज देअर".

सगळ्यांत चकवणारे वाक्य हे: "शी इज वन ऑफ दोज टीचर्स हू वर्क लेट". "हू" चा संबंध "टीचर्स" शी आहे, म्हणून "वर्क्स" नव्हे, "वर्क". वर झाकायला सांगितलेला भाग इथे उघडा ठेवावा लागतो.

१३. "डिड यू वेंट?" का चुकते?

काळाची खूण एका क्रियापदगटात एकदाच लागते, आणि ती पहिल्या क्रियापदाला लागते. "डिड" ने भूतकाळ घेतला, आता मागे मूळ रूप: "डिड यू गो?" तसेच "शी डझंट गो", "शी डझंट गोज" नव्हे. प्रश्न करायचा असेल तर सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी आणा. सहायक नसेल तर "डू" बोलवा. "व्हाय यू आर लेट?" हा मराठी क्रम आहे. इंग्रजी क्रम "व्हाय आर यू लेट?"

कर्त्यालाच विचारायचे असेल तर "डू" लागत नाही: "हू ब्रोक द ग्लास?"

१४. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या आत गेला की क्रम बदलतो का?

हो, पुन्हा साधा होतो. "व्हेअर इज द स्टेशन?" पण "टेल मी व्हेअर द स्टेशन इज". सहायक "डू" ही निघून जातो: "आय डोन्ट नो व्हॉट ही वॉन्ट्स". कारण आतला भाग आता प्रश्न राहिलेला नसतो, तो "टेल" किंवा "नो" चे कर्म होतो (प्रश्न ३ मधले "उपवाक्यही घटक होऊ शकते" ते हेच). नोकरीच्या मुलाखतीत आणि ईमेलमध्ये ही चूक सर्वाधिक खटकते.

१५. विशेषण कुठे आणि क्रियाविशेषण कुठे? "एलवाय" पाहून ठरवले तर चालेल का?

नेहमी नाही. "फ्रेंडली, लव्हली, लोनली" ही विशेषणे आहेत. "फास्ट" आणि "लेट" दोन्ही कामे करतात. "हार्ड" चेही तसेच: "शी वर्क्स हार्ड" म्हणजे ती खूप कष्ट करते, पण "शी हार्डली वर्क्स" म्हणजे ती जेमतेम काम करते. "लेटली" म्हणजे उशिरा नव्हे, अलीकडे.

पारख अशी करा. नामाबद्दल सांगायचे तर विशेषण, क्रियेबद्दल सांगायचे तर क्रियाविशेषण. "बी, सीम, लुक, फील, टेस्ट, स्मेल, साउंड" यांच्यामागे बहुधा कर्त्याचे पूरक येते, म्हणून तिथे विशेषण: "द मँगो टेस्ट्स स्वीट", "स्वीटली" नव्हे. पण तेच क्रियापद क्रिया दाखवू लागले की क्रियाविशेषण येते: "शी टेस्टेड द करी केअरफुली".

१६. "डिस्कस अबाउट" म्हणू नका म्हणतात. मग "टॉक अबाउट" कसे चालते?

"डिस्कस" ला कर्म थेट लागते, "टॉक" ला लागत नाही. मराठीत "विषयावर चर्चा", "कोणाशी लग्न", "घरात शिरणे", "स्टेशनवर पोचणे" असे म्हणतो, त्यामुळे जादा प्रिपोझिशन हाताशी येते. बरोबर रूपे: "डिस्कस द प्रॉब्लेम", "शी मॅरिड हिम", "एंटर द रूम", "रीच द स्टेशन". "अराइव्ह" ला मात्र "ॲट" किंवा "इन" लागते. उलट बाजूही आहे. "लिसन" आणि "वेट" यांना मराठीत काही लागत नाही, इंग्रजीत लागते: "लिसन टू मी", "वेट फॉर मी".

१७. "पाच वर्षांपासून" याला "सिन्स" की "फॉर"?

कालावधी असेल तर "फॉर", सुरुवातीचा क्षण असेल तर "सिन्स". मराठीचा "पासून" दोन्हींना पुरतो, म्हणून "सिन्स फाइव्ह इयर्स" ऐकू येते. शिवाय क्रियापदही बदलावे लागते. "मी इथे पाच वर्षांपासून काम करतो" यात मराठीत वर्तमानकाळ आहे, इंग्रजीत "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स" किंवा "सिन्स २०२०". "हॅव" असलेल्या या रूपाबरोबर संपलेली वेळ येत नाही: "आय हॅव कम यस्टरडे" चूक, "आय केम यस्टरडे" बरोबर.

१८. "ऑलदो" लिहिल्यावर "बट" का नको?

मराठीत "जरी... तरी" आणि "कारण... म्हणून" अशा जोड्या चालतात. इंग्रजीत दोन उपवाक्ये जोडायला एकच कंजंक्शन पुरते. "ऑलदो इट रेन्ड, वी वेंट" किंवा "इट रेन्ड, बट वी वेंट". "बिकॉज... सो" हीसुद्धा जोडी करू नका. "यट" किंवा "स्टिल" मात्र "ऑलदो" नंतर चालते, कारण तिथे ती क्रियाविशेषणे असतात. "इफ... देन", "आयदर... ऑर", "नॉट ओन्ली... बट ऑल्सो" या इंग्रजीच्या स्वतःच्या जोड्या आहेत.

१९. "आयएनजी" लागलेला शब्द म्हणजे चालू काळच ना?

तो त्याच्या तीन कामांपैकी एक. मराठीत तिन्हींना वेगळी रूपे आहेत: पोहतोय, पोहणे, पोहणारा. इंग्रजीत एकच "स्विमिंग". "ही इज स्विमिंग" यात क्रियापदाचा भाग, "स्विमिंग इज गुड एक्सरसाइज" यात नामाचे काम, "द बॉय स्विमिंग देअर इज माय कझिन" यात विशेषणाचे काम. "रनिंग वॉटर" म्हणजे वाहणारे पाणी, पण "रनिंग शूज" म्हणजे धावण्यासाठीचे बूट. पहिल्यात विशेषण, दुसऱ्यात नाम.

इथे एक खास मराठी चूक होते. "स्टेशनकडे चालत जाताना पाऊस सुरू झाला" हे उत्तम मराठी आहे. "वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड" असे लिहिले की पाऊसच चालत स्टेशनला निघतो, कारण सुरुवातीचे "आयएनजी" पुढच्या कर्त्याला जाऊन चिकटते. लिहावे: "व्हाइल आय वॉज वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड".

२०. "टू" नंतर मूळ क्रियापद येते, मग "लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू" कसे?

"टू" दोन आहेत. "आय वॉन्ट टू गो" मधला क्रियापदाची खूण आहे. "आय वेंट टू नाशिक" मधला प्रिपोझिशन आहे आणि त्याच्यामागे नामच बसते. क्रियापद बसवायचे असेल तर ते "आयएनजी" लावून नामासारखे करावे लागते. पडताळा: "टू" नंतर "इट" ठेवून पाहा. "आय लुक फॉरवर्ड टू इट" जमते, म्हणून "मीटिंग". "आय वॉन्ट टू इट" जमत नाही, म्हणून "गो". "आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली" म्हणजे लवकर उठायची सवय आहे. "आय यूज्ड टू गेट अप अर्ली" म्हणजे पूर्वी उठायचो, आता नाही.

२१. "दॅट" नेमका कोणत्या जातीचा?

प्रश्न २ चे तत्त्व लावा. "दॅट मॅन" मध्ये डिटर्मिनर, शाळेच्या गणतीत विशेषण. "दॅट इज माय बॅग" मध्ये सर्वनाम. "आय नो दॅट ही लेफ्ट" मध्ये कंजंक्शन, मराठी "की". "द ट्रेन दॅट लेफ्ट अर्ली" मध्ये संबंधी सर्वनाम, मराठी "जी". "इट इज नॉट दॅट फार" मध्ये क्रियाविशेषण.

"नो, थिंक, से" यांच्यानंतरचा "की" चा "दॅट" गाळता येतो. "जो, जी, जे" चा "दॅट" कर्माच्या जागी असेल तरच गाळता येतो: "द बुक आय बॉट" चालते, "द ट्रेन लेफ्ट अर्ली वॉज फुल" चालत नाही.

२२. "टर्न ऑफ इट" का चूक?

"टर्न ऑफ" हे दोन शब्दांचे क्रियापद आहे आणि ते फोडता येते. कर्म नाम असेल तर कुठेही ठेवा: "टर्न ऑफ द फॅन", "टर्न द फॅन ऑफ". सर्वनाम असेल तर मध्येच: "टर्न इट ऑफ". "लुक आफ्टर" फुटत नाही: "लुक आफ्टर हिम". पाठ करताना फुटणारी आणि न फुटणारी अशा दोन याद्या ठेवा.

२३. "तिथेच", "आजच" यातला "च" इंग्रजीत कसा आणायचा?

सरसकट "ओन्ली" ने नाही. "ही वॉज देअर ओन्ली" ऐवजी "ही वॉज राइट देअर". "मी आजच आलो" म्हणजे "आय ओन्ली केम टुडे" किंवा "आय केम जस्ट टुडे". पुष्कळदा "च" चे काम आवाजातला जोर करतो. तसेच वाक्याशेवटच्या "ना?" साठी दर वेळी "इझंट इट?" लावू नका. वाक्यातलेच सहायक क्रियापद उलटवा: "यू आर कमिंग, आरंट यू?"

२४. शब्दकोशातून जात आणि साचा कसा काढायचा?

शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात शब्दापुढे जातीचे संक्षिप्त रूप असते. नामापुढचा "सी" म्हणजे मोजता येणारे, "यू" म्हणजे न मोजता येणारे. "इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट" यांच्यापुढे "यू" दिसेल, म्हणून "ॲन इन्फर्मेशन" किंवा "फर्निचर्स" होत नाही. एक नग सांगायचा तर "अ पीस ऑफ ॲडव्हाइस". क्रियापदापुढचा "टी" म्हणजे कर्म घेणारे, "आय" म्हणजे न घेणारे. त्याखालचे उदाहरणाचे वाक्य वाचल्याशिवाय पान उलटू नका, साचा तिथेच सापडतो.

उच्चाराच्या चिन्हांत जोराची उभी रेघ असते, ती जोर असलेल्या अवयवाच्या (सिलेबलच्या, म्हणजे शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) आधी येते. "रेकॉर्ड, परमिट, प्रेझेंट, एक्स्पोर्ट" यांत नाम असताना जोर पहिल्या अवयवावर येतो आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर. "रिपोर्ट" आणि "सपोर्ट" मध्ये दोन्ही वेळा दुसऱ्यावरच.